आपल्या पाण्याचे मासे : मराठवाड्यात घरची टाकी कशी सांभाळावी

"काका, मासे मरायलेत."

मार्च उजाडला की असे फोन सुरू होतात. मी विचारतो, "पाणी कधी बदललंस?" पलीकडून उत्तर येतं, "कालच की! सगळं काढलं, काच घासली, खडे साबणानं धुतले, फिल्टरपण नळाखाली चकाचक केला." पोराने दोन तास राबून टाकी आरशासारखी केलेली असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चार मासे पाण्यावर आडवे तरंगत असतात. त्याच्या मायेत काही कमी नसतं. टाकी स्वच्छ दिसणं वेगळं आणि ती निरोगी असणं वेगळं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मी लातूरला राहतो. आमच्याकडे पाण्याची किंमत लहान पोरालाही कळते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे शहरात आली, तेव्हाही माझ्या घरात दोन फुटांची टाकी चालू होती आणि तिला आठवड्याला जेमतेम एक बादली पाणी लागत होतं. तीही बादली वाया गेली नाही, कुंड्यांतल्या तुळशीला आणि कढीपत्त्याला गेली. त्यामुळे "आपल्याकडं प्यायला पाणी नाही आन् मासे कुठं पाळता" असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. नीट बसलेली टाकी पाणी फार मागत नाही. दर चार दिवसांनी उपसून धुतलेली टाकी मात्र पाणीही खाते आणि मासेही.

खाली लिहिलंय ते अगदी पहिल्यांदा टाकी आणणाऱ्यांसाठी. क्रम मोडू नका. मासे यात बरेच उशिरा येतात, ते मुद्दाम.

आधी पाणी ओळखा

पुण्या-मुंबईचे सल्ले ऐकून आपल्याकडे टाकी लावली की पहिली गडबड पाण्यातच होते. आपल्या जमिनीखाली काळा पाषाण, त्यातून उपसलेलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाणी तापवायच्या रॉडवर पांढरं कवच चढतं, स्टीलच्या हंड्याच्या काठावर पांढरी रेघ उमटते. ही चिन्हं दिसली की समजा, पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर आहेत आणि पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा (७ म्हणजे मधला), बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान आहे.

तरी दोन वस्तू घ्याच. एक टीडीएस मीटर, दुसरं पीएच तपासायचं द्रावण. टीडीएसचा आकडा फक्त विरघळलेले एकूण क्षार सांगतो, विष सांगत नाही. म्हणून जमलं तर अमोनिया तपासायचं किटही घ्या. नव्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

घरात पाणी कुठून येतं, त्यावर पुढचं ठरतं.

नळाचं पाणी, म्हणजे जायकवाडी, मांजरा, विष्णुपुरी अशा धरणांतून आलेलं, बोअरच्या मानाने हलकं असतं, पण त्यात क्लोरीन असतो. क्लोरीन माशांचे कल्ले भाजतो आणि टाकीतले उपयोगी जिवाणूही मारतो. पाणी पसरट भांड्यात, वर नुसतं पातळ फडकं बांधून चोवीस तास ठेवलं की क्लोरीन उडून जातो. फडकं डासांसाठी. नळाला आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी येणाऱ्या गावात साठवणीची सवय असतेच, ती इथे कामी येते. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात क्लोरीन मारायचे थेंब मिळतात, जुने लोक त्याला 'हायपो' म्हणतात. बाटलीवर लिहिलंय तेवढेच घाला.

टँकरच्या पाण्याला जास्त जपा. त्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकलेली असते आणि मापाचा भरवसा नसतो. वासावरून कळतं. असं पाणी दोन दिवस मुरू द्या, थेंबही घाला. पाणी गढूळ असेल तर घरात आपण तुरटी फिरवतो, ते पाणी टाकीत नको. तुरटीने पीएच खाली येतो.

आरओचं किंवा जारचं पाणी शुद्ध म्हणून त्यानेच टाकी भरायचा मोह होतो. तसं करू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पीएच धरून ठेवणारं काही उरत नाही आणि तो अचानक घसरतो. हे पाणी मिसळायला किंवा वाफेने कमी झालेली पातळी भरायला उत्तम. आरओच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणारं पाणी मात्र मूळ पाण्याहून जड असतं. फरशी पुसायला ठीक, टाकीत नाही.

आता माझं मत सांगतो, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आपलं पाणी बदलायच्या मागे लागू नका. आपल्या पाण्यात सुखाने राहतील असे मासे निवडा. दुकानात पीएच वाढवायच्या, घटवायच्या बाटल्या मिळतात. जड पाण्यात पीएच घटवायचं औषध घातलं की दोन दिवस आकडा खाली येतो, पाण्यातले क्षार तो परत वर ओढतात आणि या झोक्यात मासा खंगतो. पीएच कायम ८ असलेल्या पाण्यात मासा वर्षानुवर्षं जगतो. आज ७ आणि परवा ८ त्याला सोसत नाही.

टाकी, जागा आणि सामान

काचेच्या गोल भांड्यात मासा ठेवू नका, एकही नाही. त्यात पाणी थोडं, वरचं तोंड अरुंद, फिल्टरला जागा नाही. लहान टाकी सांभाळायला सोपी असते, हा समजही उलटा आहे. पाणी जितकं जास्त, तितकी चूक सावकाश वाढते आणि सावरायला वेळ मिळतो. सुरुवातीला दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी घ्या. एका घनफुटात सुमारे २८ लिटर, म्हणजे ही टाकी ५६ लिटरची. खडे आणि वरची मोकळी जागा सोडून पंचेचाळीस-पन्नास लिटर पाणी धरा. काच, पाणी, खडे मिळून वजन सत्तर किलोच्या पुढे जातं, तेव्हा टीव्हीच्या नाजूक कपाटावर ती ठेवू नका. लोखंडी स्टँड घ्या, काचेखाली थर्माकोलचा तक्ता घाला आणि पातळी पाण्याचं भांडं ठेवून तपासा.

जागा ठरवताना अनेक घरांत वास्तूचा विषय निघतो. ईशान्य कोपरा, आठ सोनेरी मासे आणि एक काळा. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्या श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण दोन फुटांच्या टाकीत नऊ गोल्डफिश मावत नाहीत, हे त्या माशांच्या बाजूने सांगायला हवं. एकेक गोल्डफिश वितीएवढा होतो आणि भरपूर घाण करतो. त्यातून तो थंड पाण्याचा मासा. आपला मे महिना त्याला फार जड जातो. टाकी अशा भिंतीशी ठेवा जिथे थेट ऊन येत नाही, पश्चिमेची तापलेली भिंत नाही, जवळ प्लग आहे आणि येता-जाता दार आपटत नाही. वायर आधी खाली झोल देऊन मग प्लगकडे न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही.

फिल्टर लागतोच. नव्या माणसाला मी एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर सुचवतो. स्वस्त, पिल्लं ओढत नाही, वीज फार थोडी खातो. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत उलट पाणी अडवणारा वॉल्व्ह घाला. नाहीतर वीज गेली की टाकीतलं पाणी नळीवाटे पंपात उतरतं.

तळाला नदीतली धुतलेली जाड वाळू किंवा बारीक काळी खडी चालते. रंगीत खड्यांचा रंग सुटतो, ते टाळा. गोळा केलेल्या दगडावर लिंबू पिळून बघा. बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे आणि आपल्या आधीच जड असलेल्या पाण्यात आणखी चुना नको. वाळू साध्या पाण्याने, पाणी निवळ येईपर्यंत धुवा. साबण, निरमा, फिनेल यांतलं काही टाकीच्या वस्तूंना कधीच लागता कामा नये. माशांची बादली आणि पाण्याचा मग वेगळे ठेवा, त्यांवर खूण करून घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

वनस्पती लावा. व्हॅलिसनेरियाची लांब पाती जड पाण्यात जोमाने वाढतात. हॉर्नवर्ट नुसतं तरंगत ठेवलं तरी चालतं. मनी प्लांटची फांदी टाकीच्या काठावर, पानं बाहेर आणि मुळं पाण्यात अशी अडकवली तर ती पाण्यातलं नायट्रेट खत म्हणून शोषते. दिवा रोज सहा-आठ तास पुरे, त्याहून जास्त लावला तर काच हिरवी होते.

सर्वांत अवघड पायरी : थांबणं

टाकी भरली, फिल्टर सुरू झाला, झाडं लागली. पोरं म्हणतात, आता मासे. नाही, आता थांबायचं.

मासा श्वास घेताना कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. अमोनिया विष आहे. निसर्गात एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य असतं आणि झाडं ते खातात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, दगडांवर बसून वाढतात. नव्या टाकीत ते नसतातच म्हटलं तरी चालेल. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

आपल्या भागात ही पायरी गाळली तर शिक्षा जास्त कडक होते. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातलं एकच फार विषारी. पंचवीस अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी त्या विषारी रूपाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. पीएच ८ झाला की तोच वाटा ५ टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळपास दहापट. आणि पाणी बत्तीस अंशांवर गेलं की ८ टक्क्यांच्या घरात. मुलायम पाण्याच्या गावात जेवढ्या अमोनियात मासा फक्त सुस्त होतो, तेवढ्यात आपल्या बोअरच्या पाण्यात तो मरतो. "मित्राने पुण्यात पहिल्याच दिवशी मासे सोडले, त्याचे काही झाले नाही" असं मुलं सांगतात, त्यामागे बऱ्याचदा हाच पाण्याचा फरक असतो.

जड पाण्याची एक चांगली बाजूही आहे. अमोनिया पचवताना हे जिवाणू पाण्यातले पीएच धरून ठेवणारे क्षार खर्च करतात. मुलायम पाण्यात ते संपले की पीएच कोसळतो आणि जिवाणूंचं काम थांबतं. आपल्या पाण्यात ते भरपूर असतात. त्यामुळे आपली टाकी एकदा बसली की पक्की बसते.

करायचं असं. रिकाम्या टाकीत, फिल्टर चोवीस तास चालू ठेवून, रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका. ते कुजून अमोनिया तयार होईल. दर तीन-चार दिवसांनी तपासा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल, शेवटी दोन्ही शून्यावर येतील आणि नायट्रेट दिसेल. रोजची चिमूट चालू असूनही आठवडाभर अमोनिया आणि नायट्राइट शून्यच राहिले, की टाकी तयार. मधे पाणी दुधाळ होईल, पाणी फेकू नका, आपोआप निवळतं.

लवकर व्हावं असं वाटत असेल तर एकच खात्रीचा उपाय आहे. ओळखीतल्या कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा. त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, तासा-दोन तासांत आणा आणि आपल्या फिल्टरशेजारी ठेवा. वाळला की जिवाणू मेले. असा तुकडा मिळाला तर एक-दोन आठवड्यांत काम होतं, तरी तपासल्याशिवाय मासे आणू नका.

कोणते मासे

आपल्या पाण्याचे खरे सोबती म्हणजे पिल्लं देणारे मासे. गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल. यांना जड, थोडं अल्कधर्मी पाणी आवडतं. मोली तर मुलायम पाण्यात कुरकुरते आणि बोअरच्या पाण्यात खुलते. गप्पी आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदात सोडतात, म्हणून लोक त्याला हलका समजतात. नर गप्पीची शेपटी उजेडात नीट बघा, मत बदलेल.

झेब्रा डॅनिओ आपल्याच देशातला मासा, काटक, थोडी थंडीही सोसतो. पाच-सहांच्या घोळक्यात ठेवा, एकटा राहिला तर बावरतो. गुरामी आणि फायटर हवेतून थेट श्वास घेऊ शकतात, म्हणून उन्हाळ्यात त्यांचा निभाव जरा बरा लागतो. पण फायटर एकटाच, निदान पंधरा-वीस लिटरच्या झाकणवाल्या टाकीत ठेवायचा. दोन नर एकत्र ठेवले तर एक मरेपर्यंत भांडतात.

निऑन टेट्रा, कार्डिनल, डिस्कस हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, मुलायम पाण्याचे मासे. काही जण त्यांना जड पाण्यात जगवतात, पण तुमच्या पहिल्या टाकीत ते नकोत. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड जड पाण्याचेच, रंगही अप्रतिम. मात्र भांडखोर, त्यांना मोठी टाकी आणि थोडा अनुभव लागतो. एखाद्या वर्षाने तिकडे जरूर वळा.

"काच साफ करणारा मासा" म्हणून दुकानदार बोटभर सकर हातात देतो. तो फुटाच्याही पुढे वाढतो आणि काच साफ करण्यापेक्षा घाण जास्त करतो. ऑस्करचंही तसंच, तळहाताहून मोठा होतो आणि तोंडात मावेल त्याला गिळतो. छोटे असताना सगळेच गोजिरवाणे दिसतात.

पन्नास लिटरच्या टाकीत पहिल्या खेपेला पाच-सहा छोटे मासेच आणा. जिवाणूंची वस्ती खाणाऱ्या तोंडांच्या मापाने वाढते, एकदम वीस मासे आले तर ती पुरी पडत नाही. दोन-तीन आठवडे नीट गेले की आणखी पाच-सहा. गप्पी, मोली आणताना एका नरामागे दोन-तीन माद्या घ्या, नाहीतर नर मादीला दमवून मारतो. पिल्लं नको असतील तर फक्त नर घ्या.

दुकानात रंगाआधी मासा कसा पोहतो ते बघा. कोपऱ्यात दबकून बसलेला, पंख मिटलेला, अंगावर मिठासारखे ठिपके असलेला, पोट आत गेलेला नको. त्याच टाकीत एखादा मेलेला दिसला तर त्या दिवशी तिथून काहीच घेऊ नका. दुकानदाराला विचारा, "मासे येऊन किती दिवस झाले?" चेन्नईच्या कोलात्तूरसारख्या ठिकाणांहून हे मासे लांबचा प्रवास करून येतात, त्यामुळे आठवडाभर दुकानात टिकलेला मासा घेतलेला बरा.

घरी आणल्यावर

दिवा बंद करा. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग पिशवी उघडून दर दहा मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी त्यात घाला, पाऊण तास. दुकानाचं पाणी हलकं आणि तुमचं जड असेल तर ही सावकाशी फार महत्त्वाची. नंतर मासा जाळीने उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, ते कुंडीत टाका.

बाहेरगावाहून पूर्ण दिवस पिशवीत बंद येणाऱ्या माशांना मात्र हा नियम लागू नाही. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली गेलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. अशा वेळी तापमान जुळवा, पिशवी उघडा आणि लगेच मासा टाकीत घ्या.

पहिल्या दिवशी खायला देऊ नका.

खाणं

दिवसातून एकदा, फार तर दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढंच असतं असं धरून चाला. पोळीचे तुकडे, मुरमुरे, भिजवलेली कणीक हे सगळं हौदातल्या माशांपुढे टाकायची आपल्याला सवय असते, टाकीत ते कुजतं. माशांच्या खाण्याच्या चांगल्या फ्लेक्स (पातळ पापुद्रे) किंवा बारीक दाणे, अधूनमधून उकडून साल काढलेला मटार, काकडीची चकती. आठवड्यातून एक दिवस उपास. आमच्या घरी तो गुरुवार आहे, म्हणजे विसरत नाही.

दिवाळीला गावी जायचं असेल तर आठवडाभर मोठे, धडधाकट मासे उपाशी राहू शकतात. शेजारच्या घरी डबा देऊन जाण्यापेक्षा हे सुरक्षित, कारण शेजारी प्रेमाने मूठभर टाकतात. द्यायचंच असेल तर कागदाच्या छोट्या पुड्या बांधून, प्रत्येकीवर वार लिहून द्या.

आठवड्याची एक बादली

दर आठवड्याला पाव टाकी, म्हणजे दहा-बारा लिटर पाणी बदला. टाकी कधीही पूर्ण रिकामी करू नका. नळीने तळाची घाण ओढत पाणी बादलीत काढा आणि मुरवलेलं, तेवढ्याच तापमानाचं पाणी सावकाश घाला. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी कढत असतं, ते आदल्या रात्री घरात काढून ठेवा.

स्पंज महिन्यातून एकदा, काढलेल्या टाकीच्या पाण्यातच दोन-तीनदा पिळायचा. तो तपकिरी दिसला तरी तसाच परत लावायचा. तो तपकिरी थरच तुमची टाकी चालवतो. सुरुवातीच्या फोनवरच्या पोराने नळाखाली धुतला तो हाच, आणि क्लोरीनच्या पाण्याने सहा आठवड्यांची वस्ती पाच मिनिटांत संपली.

रोज वाफेने पाणी कमी होतं, क्षार मात्र मागेच राहतात. त्यावर परत बोअरचं पाणी ओतत राहिलं की टाकीतलं पाणी महिन्या-महिन्याला जड होत जातं. म्हणून ही वाफेची तूट आरओच्या पाण्याने भरा. पावसाळ्यात दोन-तीन पाऊस होऊन पत्रे-गच्ची धुऊन निघाली की पन्हाळीचं पाणी धरून ठेवा, या कामाला त्यासारखं पाणी नाही.

हात घालण्याआधी हात साध्या पाण्याने खळखळून धुवा. शेतात कापसावर, सोयाबीनवर फवारणी करून आला असाल तर त्या दिवशी टाकीला हातच लावू नका. कीटकनाशकाचा अंशही माशांना पुरतो. डासांचा स्प्रे मारायचा असेल तेव्हा टाकी ओल्या चादरीने झाका आणि एअर पंप थोडा वेळ बंद ठेवा, कारण तो खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. हवा मोकळी झाली की आठवणीने परत सुरू करा.

मे महिना आणि गेलेली वीज

बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या घरात टाकीचं पाणी तेहतीस-चौतीसपर्यंत सहज जातं. उष्णतेने मासा धापतो, शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पंचवीस अंशांना लिटरमध्ये सुमारे ८.३ मिलिग्रॅम, पस्तीसला ७ च्या आसपास. त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढलेली असते. मासे पाण्यावर येऊन तोंड उघडमीट करू लागले की हे ओळखा.

आपल्या कोरड्या हवेचा इथे फायदा घ्या. माठ गार होतो त्याच न्यायाने टाकी गार होते. झाकण काढून वर जाळी टाका आणि छोटा टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा लावा. दोन ते चार अंश सहज उतरतात. दमट हवेच्या गावांत हे इतकं साधत नाही. पाणी भराभर कमी होईल, ते रोज भरा. थंड बाटली तरंगत ठेवायची तर फ्रीजमधली एक लहान बाटली, दुपारी, थर्मामीटरवर लक्ष ठेवून. बर्फ थेट टाकू नका. दिवे दुपारी बंद ठेवून सकाळ-संध्याकाळ लावा, खाणं निम्मं करा.

वीज जाते तेव्हा मासे आधी प्राणवायूने अडतात आणि काही तासांनी फिल्टरमधले जिवाणूही. सेलवर चालणारा एअर पंप घरात ठेवा, किंवा छोटा पंप इन्व्हर्टरवर घ्या, त्याला वीज नगण्य लागते. काहीच नसेल तर मगाने पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत टाकीतच ओता, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाच-सहा वेळा. एका रात्री आमच्या घरात आळीपाळीने तिघांनी हे पहाटेपर्यंत केलं आणि एकही मासा गेला नाही.

हिवाळा उलटा. परभणीकडे पहाटे पारा किती खाली जातो हे तिकडच्या लोकांना सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत लिटरमागे एक वॉट या हिशेबाने पन्नास वॉटचा हीटर लावा आणि पाणी काढण्याआधी तो बंद करा. पाण्याबाहेर तापलेला हीटर फुटतो.

मासा आजारी वाटला तर

औषधाच्या बाटलीआधी पाणी तपासा. दहापैकी बहुतेक वेळा रोग पाण्यात असतो. अमोनिया दिसला तर तीस टक्के पाणी बदला, खाणं बंद, हवा वाढवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा.

अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, मासा दगडाला अंग घासू लागला, तर तो 'इक' नावाचा परजीवी. थंडीत अचानक गार पाणी घातलं की हमखास येतो. तापमान एक-एक अंशाने चढवत तीसपर्यंत न्या, हवा वाढवा, आणि आयोडीन नसलेलं जाडं मीठ लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, पाण्यात विरघळवून, दिवसभरात तीन हप्त्यांत घाला. ठिपके गेले तरी उपचार दोन आठवडे चालू ठेवा, कारण ठिपका गळून पडतो तेव्हा परजीवी तळाशी जाऊन वाढत असतो. मिठाने काही झाडं कोमेजतील. पाणी बदलताना निघालेल्या पाण्यापुरतंच मीठ परत घाला. हे खारं पाणी कुंडीत ओतू नका.

माणसांच्या अँटिबायोटिक गोळ्या फोडून टाकीत टाकायचा उद्योग करू नका. त्या जिवाणूंची वस्तीच उडवतात. मेलेला मासा दिसताक्षणी काढा आणि एखाद्या झाडाच्या बुडाशी पुरा.

पिल्लं झाली की

गप्पीची मादी साधारण महिन्याला पिल्लं देते, आणि नर नसतानाही साठवलेल्या बीजावर पुढचे काही महिने देत राहते. हॉर्नवर्टच्या गर्दीत लपली तेवढी जगतात. सहा महिन्यांत टाकी भरून जाते.

जास्तीचे मासे विहिरीत, तलावात, गोदावरीत सोडू नका. दया म्हणून सोडलेला परका मासा आपल्या नदीतल्या माशांची अंडी आणि जागा खातो. सकरने देशातल्या अनेक पाणवठ्यांत हेच केलं आहे. दुकानदार बहुधा परत घेतात. नाहीतर गल्लीतल्या नव्या टाकीवाल्याला द्या. त्याची टाकी भरून ठेवलेली असेल तर आधी आपल्या फिल्टरच्या स्पंजाचा एक तुकडा ओलाच द्या, आणि दोन आठवड्यांनी त्याचा अमोनिया शून्य दिसला की मग सहा पिल्लं. सोबत चिठ्ठीवर लिहून द्या, ती कोणत्या बोअरच्या पाण्यात वाढली आणि त्याचा टीडीएस किती.